सही आपली, साक्षही आपली



३१ जुलै हा दिवस ख्रिस्तसभा संत इग्नेशियस लोयोला ह्यांचा सण म्हणून पाळते. पगारदार आणि पेन्शनर मंडळींसाठी आयकराचे विवरणपत्र भरण्याची नेहमीची शेवटची तारीखही हीच. २०२५ साली सरकारने ती सप्टेंबरपर्यंत पुढे ढकलली होती. एरवी मात्र जुलै उजाडला की आपल्या घराघरांत फॉर्म १६ शोधणे, पासबुके भरून आणणे आणि 'आपला तो रिटर्न भरणारा माणूस' गाठणे, ही धावपळ सुरू होते.

सण आणि मुदत एकाच दिवशी येणे हा योगायोग आहे. पण ह्या संताला हिशेबाचे महत्त्व फार चांगले ठाऊक होते. 'आध्यात्मिक साधना' ह्या आपल्या ग्रंथात ते साधकाला सांगतात, की आठवड्याच्या सात दिवसांसाठी रेषा आखा. ज्या एका दोषावर मात करायची आहे, तो दिवसात जितक्या वेळा घडला तितके ठिपके त्या दिवसाच्या रेषेवर मांडा. मग आजची रेषा कालच्या रेषेशी आणि हा आठवडा मागच्या आठवड्याशी ताडून पाहा. हा आत्म्याचा जमाखर्चच झाला. 'मी तसा बरा माणूस आहे' अशा ढोबळ समजुतीने कोणी सुधारत नाही. खरे काय घडले ते कागदावर आले की सुधारणेला सुरुवात होते.

हाच नियम आपल्या पैशालाही लागू आहे. आज मला तुमच्याशी घरातल्या हिशेबाच्या वहीविषयी आणि आयकराच्या कागदाविषयी बोलायचे आहे. काहींना वाटेल, वेदीचा आणि ह्या विषयाचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. आपण खरे बोलतो की नाही, हे बहुधा पैशाच्या व्यवहारातच कळते.

आधी खाली बसून हिशेब

संत लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात प्रभू येशू बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचे उदाहरण देतो. शहाणा माणूस आधी खाली बसतो आणि काम पुरे करण्याइतके पैसे आपल्याजवळ आहेत की नाहीत ते पाहतो. नाहीतर पाया घालून काम अडते आणि येणारेजाणारे हसतात. प्रभू हे शिष्यत्वाविषयी बोलत होता हे खरे, पण उदाहरण त्याने प्रपंचातले घेतले.

ग्रीक भाषेत घराच्या कारभाराला 'ओइकोनोमिया' म्हणतात, आणि 'इकॉनॉमी' हा शब्द त्यातूनच आला. तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने घर चालवण्यापुरता पैसा मिळवणे आणि पैशासाठी पैसा मिळवत राहणे ह्यांत भेद केला. पहिल्याला मर्यादा असते, दुसऱ्याला नसते. शुभवर्तमानात प्रभू ज्या 'कारभाऱ्या'च्या गोष्टी सांगतो, त्याला मूळ ग्रीकमध्ये 'ओइकोनोमोस' म्हणजे घर सांभाळणारा असे म्हटले आहे. कारभारी मालक नसतो. त्याला हिशेब द्यावा लागतो, आणि हिशेब द्यायचा तर तो आधी ठेवावा लागतो.

आता एक उदाहरण घेऊ. हे कुठल्याही एका घराचे चित्र नाही. पण आपल्यापैकी पुष्कळांना ते ओळखीचे वाटेल.

नवरा-बायको दोघे कमावतात. मिळून महिन्याला ५२,००० रुपये घरात येतात. घराचा हप्ता १३,५००. किराणा, दूध, भाजी, मासळी आणि गॅस १२,०००. मुलांची फी आणि क्लास ६,०००. वीज, मोबाइल आणि सोसायटीचे ४,०००. रेल्वेचा पास आणि स्कूटरचे पेट्रोल ३,०००. आईवडिलांची औषधे ३,५००. विम्याचे २,०००. देऊळमातेसाठी आणि गरिबांसाठी १,०००. बेरीज ४५,००० होते. म्हणजे ७,००० उरायला हवेत. तरीही महिनाअखेर हात रिकामा! 'पैसा जातो कुठे?' ह्यावरून मग घरात भांडण. तो म्हणतो, तू उधळतेस. ती म्हणते, तू लपवतोस.

बहुतेक वेळा कोणीच उधळत नसतो आणि कोणीच लपवत नसतो. वर्षातून एकदा येणारे खर्च त्यांनी महिन्याच्या वहीत धरलेलेच नसतात. नाताळचे २५,०००. जूनमध्ये शाळा सुरू होताना १८,०००. लग्नसराईतले आहेर १५,०००. पावसाळ्याआधीची घराची डागडुजी १४,०००. हे झाले ७२,०००, म्हणजे महिन्याला ६,०००. उरणारी रक्कम खरी १,००० रुपये आहे, ७,००० नव्हे. हे ज्याला ठाऊक नाही तो सात हजार शिल्लक आहेत असे धरून नवा मोबाइल हप्त्यावर घेतो, आणि डिसेंबर आला की क्रेडिट कार्ड पुढे करतो.

कार्डावरची थकबाकी कशी वाढते तेही पाहा. पुष्कळ कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर. २०,००० रुपये थकले तर महिन्याचे व्याजच सुमारे ७००, वर त्यावर जीएसटी. 'मिनिमम ड्यू' भरला की कंपनीचा फोन येत नाही, पण कर्ज बहुतांशी तिथल्या तिथेच राहते. वसईच्या आपल्या पूर्वजांना सावकारी व्याज काय असते ते चांगले माहीत होते. म्हणूनच १९१८ साली फादर पी. जे. मोनीस ह्यांच्या पुढाकाराने बॅसिन कॅथॉलिक सहकारी बँक उभी राहिली. त्या पिढीने ज्या फासातून मान सोडवली, तोच फास आपण प्लॅस्टिकच्या कार्डाने पुन्हा गळ्यात घालून घेऊ नये.

आपल्या आज्या डब्यांत पैसे ठेवीत. एक डबा फीचा, एक सणाचा, एक आजारपणाचा. पाकिटातून नोट जाताना हाताला कळत असे. आज मोबाइलवर बोट टेकवले की पैसे जातात आणि हाताला काहीच कळत नाही. म्हणून वही अधिक गरजेची झाली आहे. साधी दोनशे पानी वही पुरे. रोज रात्री पाच मिनिटे दोघांनी बसून लिहा, आणि महिन्यातून एकदा अर्धा तास काढून ताळा करा. बसण्यापूर्वी एक 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणा. रोजची भाकर मागणाऱ्या माणसाला ती भाकर कुठे गेली हे ठाऊक असावे!

आणि वही दोघांची असावी. लग्नाच्या संस्कारात आपण सुखदुःखात एकनिष्ठ राहण्याचे वचन देतो. मित्राला जामीन राहिल्याचे बायकोला न सांगणे, किंवा भिशीतले कर्ज नवऱ्यापासून लपवणे, ह्यांनीही त्या वचनाला तडा जातो. कर्जाने जितकी घरे मोडतात त्याहून अधिक घरे कर्ज लपवल्याने मोडतात.

कागदावरची साक्ष

ज्या घरात वही खरी आहे, त्या घराला आयकराच्या कागदाची भीती वाटत नाही. सगळे आकडे तयारच असतात.

विवरणपत्राच्या शेवटी एक प्रतिज्ञा असते. दिलेली माहिती आपल्या माहितीप्रमाणे व विश्वासाप्रमाणे खरी आणि पूर्ण आहे, असे आपण तिथे जाहीर करतो. मोबाइलवर आलेला आधारचा ओटीपी टाकला की ती आपली सही झाली. फॉर्म कोणीही भरून दिलेला असो, साक्ष आपली असते. 'एजंटने काय भरले मला काय माहीत' हे उत्तर कायद्यापुढे चालत नाही आणि देवापुढेही चालत नाही. आठवी आज्ञा खोट्या साक्षीविरुद्ध आहे, आणि ती फक्त कोर्टाच्या पिंजऱ्यापुरती नाही.

हे मी का सांगतो? १४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने देशभर मोठी तपासणी मोहीम हाती घेतली. काही दलाल कमिशन घेऊन लोकांच्या विवरणपत्रांत खोट्या वजावटी घालत होते. न भरलेले घरभाडे, न दिलेली राजकीय देणगी, न घेतलेले कर्ज, नसलेला आजार असे काहीही दाखवून 'रिफंड' काढला जात होता. काही दलाल तर केवळ त्या कामापुरता ई-मेल पत्ता उघडत आणि नंतर तो सोडून देत. त्यामुळे खात्याची नोटीस आली तरी ती कोणी वाचतच नसे. खात्याने त्या वेळी जाहीर केले, की आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी आपण होऊन विवरणपत्रे दुरुस्त केली आणि १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले. अशा लोकांत बहुतेक साधे नोकरदार असतात. त्यांना कोणीतरी म्हटलेले असते, "साहेब, सगळेच घेतात."

खोट्या माहितीमुळे कर बुडाला असे सिद्ध झाले, तर बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो. पण मी दंडाच्या भीतीने हे सांगत नाही. आईला महिन्याला दहा हजार भाडे देतो असे कागदावर लिहून तिला एक पैसाही न देणाऱ्या मुलाने दोन पापे केली. सरकारला खोटे सांगितले, आणि त्या खोट्यात आईचे नाव ओढले. आपल्या मुलांना आपण खरे बोलायला शिकवतो. त्याच टेबलावर बसून त्यांच्यासमोर आपण खोटी पावती फाडतो. मूल कोणता धडा लक्षात ठेवील?

एक गोष्ट स्पष्ट करतो. कायद्याने दिलेली सवलत घेणे हे पाप नाही. भविष्य निर्वाह निधी, विमा, गृहकर्ज, खरोखर दिलेली देणगी ह्यांवर जी वजावट कायदा देतो ती निःशंकपणे घ्यावी. भाड्याने दिलेल्या घराच्या उत्पन्नातून घरपट्टी वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के वजावट मिळते, तीही घ्यावी. आपल्या वाडीतल्या भाजीच्या आणि फुलांच्या उत्पन्नावर आयकर नाही. पण त्याच वाडीत बांधलेल्या चाळीचे भाडे हे शेतीचे उत्पन्न नव्हे, ते दाखवावे लागते. कर वाचवणे आणि कर चुकवणे ह्यांतली रेषा इथे आहे.

"नेतेच खातात, मग आम्ही का भरावे?"

हा प्रश्न मला अनेक जण विचारतात, आणि तो खोटा नाही. सार्वजनिक पैशाची लूट होते, रस्ते पहिल्या पावसात वाहून जातात. पण प्रभू येशूच्या काळचे राज्यकर्ते ह्याहून चांगले होते का? ते परके होते आणि जुलमी होते. तरी कैसराचा मुखवटा असलेले नाणे हाती घेऊन प्रभूने कर नाकारायला सांगितले नाही. ज्याचे त्याला द्यायला सांगितले, आणि त्याच श्वासात देवाचे देवाला द्यायला सांगितले.

संत मत्तयच्या सतराव्या अध्यायात मंदिराच्या कराची कथा आहे. आपण तो द्यायला बांधलेलो नाही असे प्रभू पेत्राला समजावतो. तरीही कोणाला अडखळण होऊ नये म्हणून पेत्राला मासा धरायला पाठवतो, आणि त्या माशाच्या तोंडातल्या नाण्याने दोघांचा कर भरतो. चार शुभवर्तमानांपैकी ही कथा फक्त मत्तयने दिली आहे. मत्तय स्वतः जकातीच्या नाक्यावरून उठून प्रभूच्या मागे गेलेला. कर घेणाऱ्यांची लबाडी त्याला आतून माहीत होती. तरी प्रभूने कर भरला, हे त्याने आवर्जून लिहून ठेवले.

कॅथोलिक ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण ग्रंथ कर भरणे हे नैतिक कर्तव्य मानतो आणि परिच्छेद २२४० मध्ये मतदानाच्या हक्काबरोबरच त्याचा उल्लेख करतो. परिच्छेद २४०९ मध्ये करचुकवेगिरी सातव्या आज्ञेखाली, म्हणजे चोरीखाली येते. चोरी कोणाची? मंत्र्याची नव्हे. सरकारी इस्पितळात रांगेत उभ्या असलेल्या बाईची, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या आदिवासी मुलाची. लूट करणाऱ्याला जाब विचारायचा असेल, तर विचारणाऱ्याचा हात स्वच्छ हवा. कर भरा आणि हिशेबही मागा. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे.

हिशेबाचा नियम वेदीजवळही लागू आहे. कॅनन कायद्याच्या कलम ५३७ प्रमाणे प्रत्येक धर्मग्रामाला आर्थिक समिती असावी लागते. कलम १२८४ प्रमाणे जमाखर्चाच्या वह्या नीट ठेवाव्या लागतात, आणि वार्षिक अंदाजपत्रक करण्याची जोरदार शिफारसही तेच कलम करते. भाविकांनी अर्पण केलेल्या दानाचा हिशेब भाविकांना द्यावा, असे कलम १२८७ सांगते. तेव्हा जो नियम तुमच्या घराला, तोच माझ्या कार्यालयाला.

जमेल तितके स्वतः करा

ज्यांचे उत्पन्न पगार किंवा पेन्शन, एखादे घर आणि बँकेचे व्याज एवढेच आहे, त्यांच्यासाठी 'सहज' नावाचा आयटीआर-१ हा फॉर्म असतो. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर त्यातला बराच भाग आधीच भरलेला दिसतो. आपण करायचे ते इतकेच. फॉर्म १६ हाती घ्या. संकेतस्थळावरचे एआयएस, म्हणजे वार्षिक माहितीपत्रक उतरवून घ्या. घरातली सर्व पासबुके जवळ ठेवा. तिन्ही ताडून पाहा. विसरलेल्या मुदतठेवीचे व्याज इथेच सापडते. जुनी करपद्धत आणि नवी करपद्धत, दोन्हींचा आकडा काढून पाहा. फॉर्म पाठवल्यावर ३० दिवसांच्या आत ओटीपीने पडताळणी करा, नाहीतर तो भरलाच नाही असे धरले जाते.

२०२५-२६ ह्या आर्थिक वर्षासाठी नव्या पद्धतीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. पगारदाराला ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट धरून ही मर्यादा १२ लाख ७५ हजार होते. शेअर्सच्या किंवा जमिनीच्या विक्रीतल्या नफ्याला मात्र ही सवलत नाही. म्हणजे आपल्यातल्या पुष्कळ कुटुंबांना खोटे काही लिहिण्याची गरजच उरलेली नाही. कर शून्य असला तरी उत्पन्न ४ लाखांच्या वर असेल तर विवरणपत्र भरावेच लागते. दर आणि नियम बदलत असतात, म्हणून दरवर्षी त्या वर्षाचे नियम पाहावेत.

घरातल्या वृद्ध आजीच्या मुदतठेवीवर बँकेने दहा टक्के कापले असतील आणि तिचे उत्पन्न करपात्र नसेल, तर ते पैसे विवरणपत्र भरल्यावरच परत मिळतात. नातवंडांनो, ही सेवा तुमची आहे. तिच्याजवळ बसून तिला प्रत्येक आकडा वाचून दाखवा, आणि मगच तिचा ओटीपी टाका. सही तिची आहे.

जमीन विकलेली असेल, दुकान असेल, परदेशातले उत्पन्न असेल, तर जाणत्या सनदी लेखापालाकडे जावे. त्यात कमीपणा नाही. फक्त पाठवण्यापूर्वी फॉर्म वाचून घ्या, आणि ई-मेल व मोबाइल क्रमांक आपलाच आहे ह्याची खात्री करा.

परत फिरण्याची वाट

हे वाचताना कोणाच्या मनाला टोचणी लागली असेल, तर त्यांच्यासाठी शेवटचे दोन शब्द. मागच्या वर्षांत काही चुकीचे भरले गेले असेल, तर घाबरून गप्प बसू नका. २०२२ पासून 'अद्ययावत विवरणपत्र' भरण्याची सोय झाली आहे, आणि २०२५ मध्ये तिची मुदत दोन वर्षांवरून चार वर्षांपर्यंत वाढवली गेली. राहिलेला कर, त्यावरचे व्याज आणि काही जादा रक्कम भरून माणूस मोकळा होऊ शकतो. जितका उशीर, तितकी जादा रक्कम अधिक.

यरीहोच्या जक्कयला प्रभूने पैसे परत कर असे सांगितल्याचे लूकने लिहिलेले नाही. प्रभू फक्त त्याच्या घरी गेला. जक्कय आपण होऊन उभा राहिला. अर्धी मालमत्ता गरिबांना देईन, आणि ज्याला फसवले त्याला चौपट परत करीन, असे तो म्हणाला. त्याचा पश्चात्ताप आकड्यांत बोलला. प्रायश्चित्त संस्कारात पापांची क्षमा मिळते, पण घेतलेले परत करण्याचे कर्तव्य उरते. आणि हा जक्कय रडत नाही, तो आनंदाने प्रभूचे स्वागत करतो. हिशेब चुकता झाल्याचा आनंद काय असतो, हे ज्याने कर्ज फेडले आहे त्याला विचारा.

आपल्याच वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया फ्रान्सिस्कन बंधू होण्यापूर्वी जपानमध्ये व्यापार करीत होते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर त्यांनी आपल्या श्रद्धेची साक्ष दिली. आपल्यापैकी बहुतेकांना अशी साक्ष देण्याची वेळ येणार नाही. आपली साक्ष लहान आहे. रात्रीची पाच मिनिटे, एक वही, एक फॉर्म, एक ओटीपी. पण तीही खरी असली पाहिजे.

ह्या आठवड्यात प्रत्येक घराने एक वही आणावी, तिच्या पहिल्या पानावर क्रुसाची खूण करावी, आणि येणाऱ्या वर्षाचे मोठे खर्च दोघांनी मिळून लिहून काढावेत. येते दोन रविवार दुसऱ्या मिस्सेनंतर आपले युवक-युवती सभागृहात मदतीला बसतील. ज्यांना स्वतः विवरणपत्र भरायचे आहे त्यांनी कागदपत्रे घेऊन यावे. पासवर्ड आणि ओटीपी मात्र कोणालाही सांगू नये. ते आपल्याच हाताने टाकावेत.

प्रभू येशू तुमच्या घरांना शांती देवो, तुमच्या कष्टांना बरकत देवो आणि तुमच्या व्यवहारात सत्य नांदो.

तुमचा धर्मगुरू